सोमवारी भरपूर, शुक्रवारी जेमतेम: ऑफिसात पंप करताना दूध कमी का येतं ते कसं शोधायचं

सोमवारी ३४०, मंगळवारी ३३०, बुधवारी २९०, गुरुवारी २४०, शुक्रवारी २१०. हे माझे आकडे आहेत, मिलीमध्ये. ऑफिसला परत लागल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातले, दिवसभरात जेवढं पंप केलं त्याची बेरीज. त्या शुक्रवारी संध्याकाळी डोंबिवली लोकलमध्ये त्या अर्धवट भरलेल्या बाटल्यांची पिशवी छातीशी धरून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, मला वाटलं आटलं सगळं, आता पावडरचा डबा आणावा लागणार. शनिवार-रविवार घरीच होते, बाळाला अंगावरच पाजलं, आणि सोमवारी बघते तर परत ३३५. मला काही कळेना. मग परत तीच घसरण, परत शुक्रवारी २१५.

तेव्हापासून बाळ चौदा महिन्यांचं होईपर्यंत दूध कमी येण्याचा हा प्रकार माझ्याबाबतीत तीनदा झाला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण दूध कमी आलं की आपल्याला सगळे एकच उपाय सांगतात, अळीव खा, शतावरी घे, टेन्शन घेऊ नको. अळीवाची खीर मी रोज खाल्ली, डिंकाचे लाडूही खाल्ले, अंगात ताकद राहायला ते चांगलंच आहे, पण पंपाचा व्हॉल्व्ह फाटलेला असेल तर अळीव काय करणार. आधी आकडा कसा पडतोय ते बघा. तो पडण्याची जी पद्धत असते ना, तीच कारण सांगते.

यासाठी एक आठवडा सगळं लिहून काढा. मोबाइलच्या नोट्समध्ये चालेल. किती वाजता पंप केलं, किती मिनिटं, डावीकडे किती, उजवीकडे किती. डावं-उजवं वेगळं लिहाच, मी सुरुवातीला बेरीजच लिहायचे आणि त्यामुळे दुसऱ्यांदा झालं तेव्हा कारण सापडायला दहा दिवस जास्त गेले.

आता आकडा कसा पडतो त्याचे प्रकार. सोमवारी चांगलं आणि शुक्रवारपर्यंत हळूहळू उतरत जातं, सुट्टीनंतर परत वर, असं असेल तर छाती नीट रिकामी होत नाहीये, मशीनची चूक असायची शक्यता कमी. कालपर्यंत व्यवस्थित आणि आज अचानक निम्मं, तेही दोन्हीकडे, तर शंभर कामं बाजूला ठेवून आधी मशीन बघा. एकाच बाजूला कमी असेल तर त्या बाजूचा पार्ट खराब आहे किंवा त्या बाजूला गाठ होतेय. महिन्यातून चार-पाच दिवस कमी आणि मग आपोआप ठीक, तर पाळी. आणि दोन-तीन महिन्यांत अगदी हळूहळू कमी होतंय, बाळाचं उष्टावण होऊन ते वरणभात-खिमट खायला लागलंय, वजन व्यवस्थित वाढतंय, तर काही बिघडलेलं नाही, बाळालाच आता दूध कमी लागतंय.

माझा पहिला प्रकार, सोमवार ते शुक्रवार उतरण्याचा. माझी रजा २६ आठवड्यांची, त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं होऊन जेमतेम आठवडा झाला होता तेव्हा मी हजर झाले. सकाळी पावणेआठला घर सोडायचं आणि संध्याकाळी पावणेसातला परत, म्हणजे अकरा तास. ठरवलं होतं साडेदहा, दीड आणि साडेचार असं तीनदा पंप करायचं. साडेदहाचं व्हायचं, दीडचं जेवणाच्या सुट्टीत व्हायचं, साडेचारचं मात्र कधी मीटिंग, कधी महिनाअखेरचं क्लोजिंग, कधी कोणीतरी टेबलाशी येऊन बसलंय, असं करत करत आठवड्यातून तीन दिवस राहूनच जायचं. मी म्हणायचे जाऊ दे, घरी जाऊन बाळ पिईलच की. छाती दगडासारखी व्हायची, ट्रेनमध्ये धक्का लागला की जीव जायचा, पण मला वाटायचं भरलीय म्हणजे दूध भरपूर आहे.

नेमकं उलटं असतं ते. छाती भरलेली राहिली की शरीराला कळतं की माल पडून आहे, बनवायचा वेग कमी करा. दुधातच एक घटक असतो जो साठून राहिला की नवीन दूध बनणं मंदावतो. एखाद दिवस चुकला तर काही होत नाही, पण मंगळवारी चुकला, बुधवारी चुकला, की गुरुवारी त्याचा परिणाम आकड्यात दिसतो. आणि शनिवार-रविवार बाळ स्वतः पितं, ते कुठल्याही पंपापेक्षा छान रिकामं करतं, म्हणून सोमवारी परत भरपूर. म्हणजे माझं दूध आटलं नव्हतंच, मी आठवडाभर त्याला थांबायला सांगत होते.

उपाय काय केला तर साडेचारची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये रोजची म्हणून टाकून ठेवली, नाव काही दिलं नाही, फक्त वेळ अडवून ठेवली. आणि एक नियम, राहिलं तर पूर्ण सोडायचं नाही, मिळाली तर दहाच मिनिटं, पण काढायचं. वीस मिनिटांचं एक सेशन बुडवण्यापेक्षा दहा मिनिटांचं केलेलं कितीतरी बरं. दुसरं म्हणजे पहाटेचं. रात्री आणि पहाटे दूध बनवणारं हॉर्मोन, प्रोलॅक्टिन, जास्त असतं, म्हणून सहा वाजता बाळाला एका बाजूने पाजताना दुसऱ्या बाजूला पंप लावायला लागले. तेव्हा पान्हा बाळामुळे आपोआप फुटलेला असतो, सात मिनिटांत ७०-८० मिली मिळायचं, जे ऑफिसात वीस मिनिटांत मिळत नव्हतं. रात्रीचं पाजणंही बंद केलं नाही. सगळे म्हणत होते रात्रीची सवय मोड, तुला सकाळी कामावर जायचंय, पण त्या महिन्यांत माझं दूध टिकलं ते रात्रीच्या पाजण्यावरच असं मला मनापासून वाटतं. नोकरीला लागलेल्या आयांची बाळं बऱ्याचदा दिवसा कमी पिऊन रात्री भरून काढतात, दमणूक होते, खोटं नाही, मी बाळाला शेजारी घेऊन झोपायचे आणि रविवारी दुपारी दोन तास नवरा बाळाला घेऊन खाली फिरायचा तेव्हा मेल्यासारखी झोपायचे.

तीन-चार दिवस एक तासाचं पंपिंगही केलं संध्याकाळी, वीस मिनिटं पंप, दहा विश्रांती, दहा पंप, दहा विश्रांती, परत दहा पंप. बाळ एकदम वाढतं तेव्हा ते थोड्या थोड्या वेळाने सारखं पितं, त्याची ही नक्कल. रोज करू नका, वैताग येतो, आणि त्याच वेळेत बाळ जवळ असेल तर पंपापेक्षा त्यालाच लावलेलं बरं.

इतकं करून आकडा शुक्रवारी ३०० च्या आसपास राहायला लागला, पण तरी घरी दूध पुरत नव्हतं. हा खरा घोळ होता आणि तो माझ्या छातीत नव्हताच, घरातल्या बाटलीत होता.

सासूबाई बाळाला दिवसातून तीनदा दीडशे-दीडशे देत होत्या, म्हणजे ४५०. मी आणत होते ३२०-३३०. साठवलेलं फ्रीझरमधलं रोज संपत होतं आणि मला वाटत होतं मीच कमी पडतेय. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, दीडशेही घटाघटा संपवतो, अजून मागतो, भूक वाढलीय त्याची." शेजारच्या बाळाला पावडरचं दूध दीडशे-दोनशे देतात हे त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे आपल्याला कमी कसं असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

पण आईच्या दुधाचा हिशोब वेगळा असतो. एक महिना ते सहा महिन्यांपर्यंत बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं, कोणी ६०० कोणी ९००, आणि गंमत म्हणजे महिने वाढले तरी हे फारसं वाढत नाही, कारण वाढीचा वेग कमी होत जातो. म्हणजे तासाला साधारण ३० ते ३५ मिली. मी अकरा तास बाहेर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, त्यात मी निघताना पाजून जायचे आणि आल्या आल्या पाजायचे, म्हणजे तीन वेळा १०० ते ११० पुरेसं होतं. बाटलीतून दूध आपोआप गळत राहतं, बाळाने ओढलं नाही तरी तोंडात येतं, मग ते गिळणारच, म्हणून घटाघटा संपलं म्हणजे भूक होती असं नाही.

आता हे सासूबाईंना कसं सांगणार. त्या दिवसभर माझं बाळ सांभाळत होत्या, त्यांना शिकवायला जाणं मला जड जात होतं. मी बाळाच्या डॉक्टरांना फोन स्पीकरवर लावून विचारलं आणि त्यांच्या तोंडून आकडा ऐकल्यावर आई म्हणाल्या, बरं, एक आठवडा करून बघू. फ्रिजवर कागद चिकटवला, किती वाजता, किती, शी-शू किती वेळा. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, निपल बारीक भोकाचं, मध्ये दोनदा थांबून ढेकर काढायची, पूर्ण बाटली संपवायला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. चार दिवसांत बाळ ११० वर समाधानी. एक आठवड्याने आईंनीच सुचवलं की दुपारचं वाटी-चमच्याने द्यावं, माझ्या नणंदेला त्यांनी बोंडल्याने पाजलं होतं म्हणे. त्याचा आणखी एक फायदा झाला, बाटलीची सवय फार लागली नाही, संध्याकाळी मी आले की बाळ अंगावर चटकन लागायचं. ज्यांचं बाळ बाटली तोंडातच धरत नाही त्यांनीही हेच करून बघा, वाटी-चमचा नाहीतर बोंडलं, आणि पहिले काही दिवस ते दूध आईने स्वतः द्यायचं नाही, आईचा वास आला की बाळाला तेच हवं असतं.

दुसऱ्यांदा झालं ते जॉइन होऊन तीन महिने होत आले तेव्हा. सोमवारी ३२०, मंगळवारी १७०. अचानक. तेव्हा मी परत सगळं पहिल्यासारखंच समजून एक तासाचं पंपिंग, पहाटेचं, सगळं दामटून केलं आणि काही फरक नाही. दहा दिवस असे गेले. मग एका सहकारी ताईंनी, त्यांची मुलगी आता शाळेत जाते, त्यांनी विचारलं व्हॉल्व्ह कधी बदललास. मी म्हटलं बदलायचा असतो?

बदलायचा असतो. बहुतेक इलेक्ट्रिक पंपांमध्ये फ्लँजच्या, म्हणजे छातीला लावतो त्या नरसाळ्यासारख्या भागाच्या, खाली एक रबरी बदकाच्या चोचीसारखा छोटा पार्ट असतो, किंवा पातळ पडदा असतो. दिवसातून तीन-चारदा वापर असेल तर तो एक-दोन महिन्यांत सैल होतो. उजेडासमोर धरून बघा, चोचीची फट पूर्ण मिटलेली दिसली पाहिजे. फट उघडी दिसली, कडेला चीर दिसली, रबर पांढुरकं चिकट झालं, तर तो गेला. माझ्या एकाला बारीक चीर होती, बाटलीच्या ब्रशने घासायची सवय होती घरी, त्या ब्रशच्या तारेने गेली असणार. तो पार्ट बोटांनी साबणाच्या पाण्यात हलक्याने चोळून धुवायचा, आत काही घालायचं नाही. नवीन जोडी काही शे रुपयांत येते, बसवली आणि त्याच दिवशी २९० आलं. दहा दिवस मी माझ्या शरीराला दोष देत होते, आणि हे निघालं. तेव्हापासून दोन जोड्या बॅगेत असतातच.

तेव्हाच डावी-उजवीचं लिहिलेलं असतं तर लगेच कळलं असतं, कारण चीर उजव्या व्हॉल्व्हला होती आणि माझा पंप दोन्हीकडे मिळून एकाच मोटरवर चालतो, त्यामुळे उजवीकडे जवळजवळ काहीच नाही आणि डावीकडेही ओढ कमी असं झालं होतं.

मशीनचं अजून काय बघायचं तर बॅटरी, काही पंप चार्ज उतरत आला की चालू असतात पण ओढ कमी होते, प्लगला लावून एकदा बघा फरक पडतो का. नळी घट्ट बसलीय का, नळीत पाणी दिसतंय का, दिसलं तर बाटल्या काढून नुसता पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, सुकते. आणि फ्लँजची साइज. डब्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचा येतो आणि आपण तोच लावतो, पण कितीतरी जणींना १७, १९, २१ लागतो. निपलचा बुडाशी व्यास मोजायचा, भोवतीचा काळा भाग धरायचा नाही, आणि त्याच मापाचा किंवा दोन-तीन मिलिमीटर मोठा फ्लँज. फार मोठा झाला तर भोवतीची कातडी आत ओढली जाते, दुखतं आणि दूध मागे राहतं, फार लहान झाला तर निपल घासून पांढरं पडतं. छोटे इन्सर्ट मिळतात, सगळा फ्लँज बदलायची गरज नाही. ओढ जास्तीत जास्त ठेवली की जास्त दूध येतं असंही नाही, दुखायला लागलं की पान्हाच फुटत नाही. आधी भरभर हलकी ओढ, दूध यायला लागलं की सावकाश थोडी जोराची, आणि धार थांबली की परत एकदा भरभर हलकी, मग दुसरा पान्हा येतो.

पान्ह्याचं मुद्दाम सांगते. दूध असतं पण सुटत नाही असं ऑफिसात फार होतं. दार वाजतंय, फोन वाजतोय, घड्याळ बघतोय, अशात ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा फोडणारं हॉर्मोन, येणार कसं. माझी सुरुवातीची जागा रेकॉर्ड रूम होती, आत फायलींचे ढिगारे, दाराला कडी नाही, बाहेर आमच्या ऑफिसच्या मावशी खुर्ची टाकून बसायच्या माझ्यासाठी. त्या माऊलीचे उपकार मी विसरणार नाही. तिथे मला पाच-सहा मिनिटं थेंबही यायचा नाही. मग हे करायला लागले: पंप लावायच्या आधी कोमट पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून छातीवर दोन मिनिटं, हाताने हलकेच वरून खाली गोंजारायचं, बाळाचा रात्री घातलेला झबला बॅगेत असायचा त्याचा वास घ्यायचा, बाळाचा हुंकार भरतानाचा व्हिडिओ. आणि बाटलीकडे बघायचं नाही, बाटलीवर मोजे चढवून ठेवायचे मी, किती आलं किती आलं बघत बसलं की येतच नाही. पंप चालू असताना हाताने छाती हलके दाबत राहायचं आणि शेवटी पंप काढून दोन-तीन मिनिटं हाताने काढायचं, यानेच माझं रोजचं तीस-चाळीस मिली वाढलं. हाताने काढायला शिकूनच घ्या, लाईट गेली, पंप विसरला, चार्जिंग संपलं तर तेच कामाला येतं.

जागेबद्दल. बायकांच्या टॉयलेटमध्ये बसून काढू नका, आपल्या बाळाचं अन्न आहे ते. आपल्याकडे रायगडाचा कडा उतरून आपल्या तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, एसटी स्टँडवर तिच्या नावाने हिरकणी कक्ष आहेत, गावाला जाताना मी एका स्टँडवरच्या कक्षात बसून बाळाला निवांत पाजलंय, मग ऑफिसात एक कडी असलेली खोली मागणं म्हणजे काही जगावेगळं मागणं नाही. मी एचआरला लेखी मेल केला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दोन ब्रेक दिले होते (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, या तरतुदी तिच्यातही आहेत), आणि २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आली. हे मेलमध्ये साध्या भाषेत लिहिलं, भांडण नाही, फक्त विनंती आणि कायद्याचा उल्लेख. तीन आठवडे काही झालं नाही, मग परत आठवण केली, मग एक छोटी मीटिंग रूम दिवसातून तीनदा माझ्या नावावर झाली आणि दाराला कडी बसली. माझ्यानंतर रजेवरून आलेल्या अजून दोघी आता तीच वापरतात.

तिसऱ्यांदा कमी झालं ते बाळ नऊ महिन्यांचं असताना, आणि यावेळी वहीमुळे लगेच सापडलं. पाळी परत सुरू झाली होती. यायच्या चार-पाच दिवस आधीपासून ते आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पन्नास-साठ मिलीने कमी, मग पूर्ववत. यावर काही करायचं नसतं, त्या दिवसांत एक सेशन जास्त आणि फ्रीझरमधल्या दोन पिशव्या. पाळी आली म्हणजे दूध खराब झालं, आता पाजू नको, असं माझ्या एका मावशीने फोनवर सांगितलं, ते अजिबात खरं नाही.

याशिवाय ज्या गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत त्या. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर दूध कमी होऊ शकतं, मेडिकलवाल्याला विचारून घ्या आणि अंगावर पाजतेय हे आवर्जून सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल तर तसंच, कॉपर टीने हा प्रश्न येत नाही, आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. बाळंतपणानंतर थायरॉइड कमी होतो काही जणींचा, केस गळतायत, अतोनात थकवा, दूध कमी, असं सगळं एकदम असेल तर एक रक्ततपासणी करून घ्या. आणि जेवण. मी दुपारी डबा खायला वेळ नाही म्हणून बिस्किटांवर भागवायचे, ते बंद केलं, भाजी-भाकरी, मूठभर शेंगदाणे-गूळ आणि तहान लागेल तेव्हा पाणी, उगाच चार-चार लिटर ढोसून दूध वाढत नाही.

काढलेलं वाया गेलं तर तेही कमीच पडलं ना, म्हणून साठवणीचं. २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास चालतं, पण आपल्याकडे मे महिन्यात खोलीत बत्तीस-तेहतीस असतं, तेव्हा तो हिशोब धरूच नका, काढलं की लगेच बर्फाच्या पॅकवाल्या पिशवीत किंवा फ्रिजमध्ये. बर्फाचे पॅक नीट गोठलेले असतील तर अशा पिशवीत चोवीस तास राहतं. फ्रिजमध्ये चार दिवस, आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. फ्रिजमध्ये वितळवलेलं चोवीस तासांत संपवायचं आणि परत गोठवायचं नाही, बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांच्या आत, नाहीतर टाकायचं. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्ह नाही. मी सुरुवातीला १५० च्या पिशव्या भरून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास मिली मोरीत जायचं, मग ६० च्या भरायला लागले. वर साय धरल्यासारखा थर येतो तो नॉर्मल आहे, हलकं फिरवलं की मिसळतं. वितळवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो आणि बाळ पीत नाही असं असेल तर ते नासलेलं नाही, काहींच्या दुधात लायपेज, म्हणजे दुधातली चरबी फोडणारा घटक, जास्त असतो. गोठवायच्या आधी ताजं दूध मंद आचेवर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि लगेच थंड पाण्यात भांडं ठेवून गार करायचं, मग वास येत नाही. आधीच गोठवलेल्याचा वास मात्र याने जात नाही.

आता जिथे घरगुती प्रयोग करायचे नाहीत ते. छातीत गाठ लागली, लाल झालं, दुखतंय, तर रगडून मालिश करू नका, कोणी मालिशवाली बाई बोलावली तरी नको, आतून सूज वाढते. थंड शेक, नेहमीइतकंच पाजणं किंवा पंपिंग, जास्त नाही, आणि आराम. ताप आला, अंग मोडून आलं, एक दिवसात कमी नाही झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. अशा वेळी पाजणं एकदम तोडायचं नसतं, आणि पाजताना चालणारी अँटिबायोटिक्स असतात. बाळाच्या बाजूने बघायचं तर दिवसातून सहापेक्षा कमी वेळा शू, वजन वाढत नाही, बाळ मलूल, तर पंपाचे पार्ट बघत बसू नका, आधी बाळाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं तर द्या, निम्मं वरचं आणि निम्मं आईचं असं वर्षभर चालवलेल्या आया मी बघितल्यात, एक बाटली पावडरची दिली म्हणून अंगावरचं बंद करायचं काही कारण नसतं. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं आणि मग जेवणासोबत दोन वर्षं आणि पुढेही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात मधले महिने थोडं वरखाली झालं तरी पुढचं चालूच ठेवता येतं.

माझं बाळ आता चौदा महिन्यांचं आहे, जेवतं, आणि सकाळी, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री अंगावर पितं. ऑफिसात फक्त दीडचं पंपिंग उरलंय. साडेदहा आणि साडेचारचं एकदम बंद नाही केलं, दर तीन-चार दिवसांनी तीन मिनिटं कमी करत गेले, आधी साडेदहाचं, ते पूर्ण सुटल्यावर दोन आठवडे थांबून साडेचारचं. मध्ये एकदा डावीकडे जड लागून गाठीसारखं वाटलं, तेव्हा कमी करणं थांबवलं, दोन दिवस त्याच मिनिटांवर राहिले, थंड शेक घेतला, बसलं, आणि मग पुढची तीन मिनिटं कमी केली.